जांभळ्यापलीकडचा दिवा

माने कुटुंबाचा कावळा काही केल्या शिवत नव्हता.

वाघोशीच्या घाटावर, कृष्णेच्या पाण्यालगतच्या दगडी कट्ट्यावर भाताचा पिंड मांडलेला होता आणि माणसं मागं सरून उन्हात उभी होती. समोरच्या भिंतीवर कावळे ओळीनं बसले होते. कुणी पंख खाजवत होता, कुणी नुसताच नदीकडे पाहत होता. थोरल्या मुलानं हात जोडले. "आबा, गाय विकणार नाही आम्ही. शब्द देतो." कावळे हलले नाहीत. सुनेनं सांगितलं, आत्यांच्या औषधपाण्याला कमी पडू देणार नाही. तरी नाही. मग इतका वेळ लांब उभा असलेला धाकटा पुढं आला, घसा खाकरून म्हणाला, "आबा, दादाशी बोलतो मी. विहिरीचं आमचं आम्ही मिटवतो."

भिंतीवरून एक कावळा उतरला, उड्या मारत कट्ट्यावर आला आणि त्यानं पिंडात चोच घातली. जमलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता रडू लागले.

वर, घाटाच्या टोकाच्या खोलीत, सिकंदर मुजावरनं बटणावरचं बोट उचललं.

"त्याच्यासाठीच थांबला होतास तू," शेजारी बसलेली मैथिली भोसेकर म्हणाली.

"कुणासाठी?"

"धाकट्यासाठी. नियम काय आहे? रडणं ओसरलं, कुणीतरी शब्द दिला, की दिवा. मोठा बोलला तेव्हाच लावायला हवा होतास."

"गाय ते तसंही विकणार नव्हते, मॅडम," सिकंदर म्हणाला. "चांगली दुभती आहे. बघितलीय मी."

मैथिलीला हसू आवरलं नाही.

काही वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या तापाची साथ आली आणि कृष्णाकाठचे कावळे गेले. झाडं शांत झाली, आणि त्याचं फारसं कुणाला वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं ते घाटावर. माणसं दहाव्याला पिंड मांडून दिवस कलेपर्यंत उभी राहायची. गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववायचे, शास्त्राला ते चालतंही, पण लोकांच्या मनाला चालायचं नाही. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलं, हा सल घेऊन घरी परतायचे. मग पुण्याच्या 'वायस' नावाच्या एका छोट्या कंपनीनं कोकणातून अंडी आणून कावळे वाढवले, प्रत्येकाच्या पायात ओळखीचं कडं घातलं, आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मैथिलीला त्यांना शिकवायला नेमलं.

शिकवण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी. घंटा वाजवून कुत्र्याला अन्न देत गेलं, की काही दिवसांनी नुसत्या घंटेनं त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. हे एक प्रकारचं शिकणं. त्यात कुत्र्याला काही करावं लागत नाही, त्याचं शरीरच परस्पर शिकतं. दुसऱ्या प्रकारात प्राणी आपणहून काहीतरी करतो, त्याला लगेच काही चांगलं मिळतं आणि तेच तो पुन्हा करू लागतो. यात 'लगेच'ला फार महत्त्व. बक्षीस मिळण्याच्या आधीच्या क्षणी जे घडलं असेल, ते पक्कं होतं. मैथिलीनं सुरुवातीला कावळ्यानं भाताकडे नुसतं पाहिलं तरी शेंगदाणा दिला. मग पाहणं पुरेना, एक पाऊल हवं झालं. मग कट्ट्यावर उतरणं, मग चोच. चाकावरच्या मातीला आकार येत जावा तसं ते वागणं घडत गेलं.

अडचण नंतर आली. शिकलेले कावळे मंत्र संपायच्या आतच पिंडावर झडप घालू लागले. म्हणून तिनं कट्ट्याच्या कडेला एक बारीकसा दिवा बसवला. त्याचा प्रकाश जांभळ्याच्या पलीकडचा. भर उन्हात माणसाच्या डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, कावळ्याच्या डोळ्यांना लागतो. दिवा असताना शिवलं तर भिंतीवरच्या पेटीतून शेंगदाणे, नसताना शिवलं तर काही नाही. थोड्याच आठवड्यांत कावळ्यांना हा फरक इतका पक्का कळला, की दिवा नसेल तर समोर भाताचा ढीग असला तरी ते ढुंकून बघेनात. मैथिलीचं हे सगळ्यात सुबक काम होतं. कावळे पाळलेले आहेत, हे गावाला ठाऊक होतं. दिव्याचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

पण सिकंदरचं थांबणं तिच्या डोक्यात राहिलं. कट्ट्याखालच्या माइकवर टिपलेलं वर्षभराचं बोलणं तिनं ऐकून काढलं. सुरुवातीला लोक कळसाला सोनं नाहीतर देवाला घंटा कबूल करायचे. आता वाघोशीचे लोक कट्ट्यापुढं आले, की थेट भांडणं मिटवायला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. अमक्याच्या दहाव्याला भाऊ एक झाले आणि कावळा शिवला, एवढं पाहिलेलं, ऐकलेलं. बटणाच्या एका बाजूला कावळे शिकत होते, दुसऱ्या बाजूला गाव.

तिनं हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा आई पोट धरून हसली होती. मग म्हणाली, "आमच्या वेळी कुणी बटण दाबत नव्हतं. तेव्हा कावळा कशासाठी यायचा गं?"

"भूक लागायची त्याला, आई."

"असेल. कुणाचं बोलणं ऐकूनही लागत असेल भूक."

"आई!"

"बरं बाई, तू शिकलेली. एकदा मला घेऊन चल तुझ्या घाटावर. लांबून बघेन."

ते राहून गेलं. चैत्रातल्या एका सकाळी आईचा फोन आला तेव्हा खाली माणसं जमली होती, सिकंदर सुट्टीवर होता आणि बटणावर मैथिली होती.

"मैथिली, एक विचारायचं होतं गं तुला."

"आई, लोक थांबलेत. दुपारी करते."

"बरं बरं. तुझं होऊ दे."

दुपारी तिनं फोन केला तो निरंजननं, तिच्या मोठ्या भावानं, उचलला. आईला दवाखान्यात आणलं होतं, पण उपयोग झाला नव्हता.

एक विचारायचं होतं. काय, ते बाबांना माहीत नव्हतं, निरंजनला नव्हतं, शकूमावशीलाही नव्हतं, आणि आईच्या पोटातलं या मावशीला बहुतेक सगळं माहीत असायचं. कदाचित लोणच्याच्या बरणीचं झाकण कुठं ठेवलंस, एवढंच असेल. मैथिली स्वतःला हे दिवसातून कितीदा तरी समजावायची. मग मन म्हणायचं, झाकणासाठी आई 'एक विचारायचं होतं' असं थांबून थांबून म्हणाली नसती.

दहावा वाघोशीलाच करायचा, हे बाबांनी ठरवलं. "तिला बघायचा होता तुझा घाट," एवढंच ते म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला हा माणूस मुळातच मोजकं बोलायचा. आई गेल्यापासून तर तेही थांबलं होतं. जेवायला बसत नव्हते. ओट्याशी उभ्याउभ्या पातेल्यातला घासभर भात खायचे आणि हात धुऊन टाकायचे. ताट वाढलं की उठून जायचे.

आदल्या संध्याकाळी मैथिली सिकंदरकडे गेली. "उद्या दिवा लावायचा नाही."

सिकंदर गोंधळला. "मग ते येणार नाहीत, मॅडम. तुम्हीच तर त्यांना..."

"एखादा चुकेल. कितीही शिकवलं तरी कधीतरी चूक होतेच. चुकून आला, तर तो माझ्या शिकवण्यानं आलेला नसेल."

आपण काय बोलतोय हे तिचं तिला ऐकू आलं. परीक्षेत असं कुणी लिहिलं असतं तर तिनं गुण कापले असते. पण तिला एक खरा कावळा हवा होता. तिच्या आईसाठी, कुणीही न पाठवलेला.

सिकंदरनं खिशातून हातात मावेल एवढं एक छोटं बटण काढून तिच्यापुढं धरलं. "हे राहू द्या तुमच्याजवळ. वरच्या बटणाला मी हात लावत नाही."

दुसऱ्या दिवशी निरंजननं पिंड मांडला. पेंढरकर गुरुजींनी मंत्र संपवले आणि सगळे मागं सरले. भिंतीवर कावळे होते. मैथिली प्रत्येकाला ओळखत होती, कोण धीट, कोण आळशी. ते कट्ट्याच्या कडेकडे, दिव्याच्या जागेकडे पाहत होते.

शकूमावशीनं पदर खोचून बहिणीला हाक मारली. "सरे, मैथिलीच्या लग्नाचं मी बघते. अशीतशी सोडत नाही तिला."

कावळे ढिम्म.

"बघ, आईसुद्धा नको म्हणतेय," निरंजन मैथिलीच्या कानात पुटपुटला. मग पुढं होऊन म्हणाला, "आई, बाबांना मी पुण्याला नेतो."

"मी कुठं येणार नाही," बाबा मागून म्हणाले.

"बाबा, थांबा ना जरा. तिच्याशी बोलतोय मी."

"माझ्याबद्दल बोलतोयस."

ऊन चढत गेलं. गुरुजी दर्भाची काडी बोटाभोवती गुंडाळत उभे होते. आणि मैथिलीला आजवर त्या खोलीतून कधी न दिसलेलं काहीतरी दिसायला लागलं. नेहमीचं बक्षीस अचानक बंद झालं, की वागणं लगेच थांबत नाही. आधी ते उफाळून येतं. दांडा दाबून दाणा मिळवणारा उंदीर दाणा येईनासा झाल्यावर दांडा जोरात दाबतो, मग चावतो, मग पूर्वी कधी न केलेलं काहीतरी करून बघतो. तिच्या कट्ट्यापुढं माणसांवर ही वेळ कधी आलीच नव्हती. पहिला बरासा शब्द निघाला की दिवा लागायचा, कावळा यायचा आणि बोलणं तिथंच संपायचं.

"सरे," मावशी एकदम रडवेली झाली, "तुझी जांभळी पैठणी माझ्याकडंच आहे गं. प्रवासात हरवली म्हणून सांगितलं मी तुला. एकदाच नेसले, तीसुद्धा दार लावून. देते मैथिलीला. आजच देते."

कुणी हसलं नाही. निरंजन खाली बघत होता. "आई, तुला पुण्यात करमत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो," तो म्हणाला. "तू कधीच तसं म्हणाली नव्हतीस. तिकीट मीच काढून ठेवायचो."

कावळा आला नाही.

मैथिली पुढं झाली. कबूल करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. "आई," ती हळू आवाजात म्हणाली, "काय विचारायचं होतं तुला?"

वारा नव्हता. पाण्यावरून कुठूनतरी धुणं आपटल्याचा आवाज आला.

"घरी कधी येतेस, हे विचारायचं होतं का?"

ओढणीखाली तिच्या मुठीत ते छोटं बटण होतं, आणि अंगठा त्याच्यावर. आत्ता दाबलं तर कावळा येईल. मग उत्तर 'होय' असेल. आई आपल्याला बोलावत होती, हे कायमचं ठरेल. सगळं घर साक्षीला असेल, आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटायला लागेल. तसं वाटायला लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दाबलं नाही तर ते वाक्य नुसतंच हवेत राहील, आईच्या वाक्यासारखं.

"मैथिली." बाबा तिच्या शेजारी येऊन उभे होते. "दिवा लाव."

तिनं चमकून पाहिलं.

"माहितेय मला. तुझा फोन झाला की तुझी आई सगळं सांगायची. लाव."

"बाबा, मग तो खरा नसेल. मी बोलावलेला असेल."

"असू दे की. मला काय त्याची परीक्षा घ्यायचीय?" बाबांचा आवाज फाटला. "तो शिवल्याशिवाय तिला इथं टाकून मी घरी कसा जाऊ गं?"

मैथिलीच्या अंगठ्याखाली बटण गरम झालं होतं. मागच्या माणसांना त्यांचं बोलणं ऐकू गेलं नसावं. गेलं असलं तरी कुणी तसं दाखवलं नाही.

"मग आधी तुम्ही काहीतरी बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. तिच्याशी."

बाबा कट्ट्याकडे वळले. "सरोज," ते म्हणाले, "पोरं उन्हात उभी आहेत."

मैथिली थांबली.

"तुझी गोकर्णीची वेल वाळली. पाणी घालायला विसरलो मी."

ती थांबली. भिंतीवरचा धीट कावळा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"तुझ्या फोनचा चार्जर सापडत नाही. सगळीकडं बघितलं." बाबांनी मनगटानं नाक पुसलं. "मला एकट्याला ताट घेऊन बसवत नाही गं. समोर कुणी नसतं. घास फिरतो तोंडात." मैथिलीनं अंगठा तसाच धरून ठेवला. अजून एक वाक्य, बाबा. एवढं एकच. "बसेन," बाबा म्हणाले. "बसेन मी. दुपारी वेळेवर ताट वाढून घेईन. जेवत जाईन."

तिनं बटण दाबलं.

धीट कावळा उतरला. पंखांचा आवाज, दगडावर नख्यांचा आवाज, मग चोच. मागं सगळ्यांचा श्वास सुटला, बाबा मटकन पायरीवर बसले, आणि मैथिलीला कळलं, की तिचे स्वतःचे खांदेही खाली आले आहेत, डोळे भरून वाहताहेत. या पंखांच्या आवाजानंतर शेकडो माणसांना मोकळं होताना तिनं पाहिलं होतं. तिचं शरीर ते शिकून बसलं होतं. दिवा कुणी लावला, हे त्याला विचारायचं नव्हतं.

"जेवणाचीच काळजी," मावशी डोळे टिपत म्हणाली. "सरी ती सरीच."

"शिवला," गुरुजी म्हणाले. "चला, नमस्कार करून घ्या."

आईच्या मनात काय राहिलं होतं, ते आता सगळ्या घराला ठाऊक झालं होतं. बाबांनी वेळेवर जेवावं. यापुढं नातेवाइकांत हेच सांगितलं जाईल, आणि निरंजनची मुलंही हेच ऐकत मोठी होतील. मैथिलीनं नदीला नमस्कार केला. तिचं वाक्य कट्ट्यापुढं तसंच राहिलं, आणि आता त्या कट्ट्यावर कुणी उत्तर द्यायला येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाबांचा फोन येऊ लागला. "जेवलो गं."

एकदाच मिळालेल्या बक्षिसावर सवय फार दिवस तग धरत नाही. हे माहीत असल्यामुळं मैथिली हातातलं काम टाकून फोन घ्यायची. काय केलं होतं, मीठ बरोबर पडलं का, पोळ्या बाईंनी केल्या की तुम्ही, सगळं विचारायची. कावळ्यांना शेंगदाणे होते, बाबांना हे प्रश्न. सुरुवातीला ती ठरवून विचारायची. पावसाळा सरता सरता पडवळाच्या भाजीला फोडणी कशाची द्यावी, यावर दोघांचं चक्क भांडण झालं, आणि ठरवलेलं कुठं संपलं ते तिच्या लक्षात आलं नाही.

थंडीत एका रविवारी ती आपल्या राहत्या खोलीच्या गॅलरीत ताट घेऊन बसली होती. कठड्यावर कावळा येऊन बसला. सवयीनं तिनं आधी त्याचा पाय पाहिला. पायात कडं नव्हतं.

ती हलली नाही. साथीनंतर रानातले कावळे परत येताहेत, असं कुणीतरी म्हणालं होतं, पण तिनं पाहिला हा पहिलाच. मान वाकडी करून तो एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होता. तिच्या बोटांत भाताचा घास होता. पुढं केला असता तर तो आलाच असता, आणि तो त्याचा पहिला धडा झाला असता. उद्या तो भातासाठी आला असता, परवा तिच्यासाठी आल्यासारखा दिसला असता, आणि मग त्याच्या कुठल्याच येण्याला काही अर्थ उरला नसता. तिनं घास मुठीत मिटून घेतला.

"आई," ती म्हणाली, "काय विचारायचं होतं?"

कावळ्यानं मान दुसरीकडे वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग कठड्यावरून एक उडी जवळ आला. थांबला. आणखी एक. त्याच्या गळ्याजवळची राखाडी पिसं वाऱ्यानं उलटत होती. त्यानं मान लांबवली, चोच किंचित उघडली.

आत फोन वाजायला लागला.

एखाद वेळी फोन घेतला नाही म्हणून काही बिघडत नाही. अधूनमधूनच बक्षीस मिळणारी सवय तर उलट जास्त चिवट होते, हे तिनं स्वतः शिकवलं होतं, हातांनी सिद्ध केलं होतं. बाबांनी थोड्या वेळानं पुन्हा केला असता. शास्त्र सगळं गॅलरीत बसून राहा म्हणत होतं. कावळा तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

मैथिली उठली. पाठीमागं पंख फडफडले. तिनं वळून पाहिलं नाही, भाताच्या हातानंच फोन उचलला.

"हां, बाबा."

"जेवलो गं. आज भरलं वांगं केलं होतं. जरा करपलं."

"किती करपलं?" तिनं विचारलं, आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून ऐकायला बसली.